इंदूफुईच्या भिंती

आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला निम्मं ब्राह्मणपुरी गाव जेवून गेलं. प्रत्येकाने काहीतरी वाखाणलं. कुणी फरशी, कुणी देवघर, कुणी जिन्याखालची कोठी. मी सोवळ्यात, घामाने निथळत, दारात उभा राहून ‘तुमच्या आशीर्वादाने’ एवढं एकच वाक्य म्हणत होतो. दुपार कलल्यावर इंदूफुई आली. खांद्याला पिशवी, अंगावर ठेवणीतलं लुगडं. हॉलमध्ये शिरली, कोपरा गाठला आणि भिंतीला पाठ लावून सरळ फरशीवर बसली. गुडघे पोटाशी, हनुवटी गुडघ्यांवर.

लोकांना वाटलं, चक्कर आली. कुणी पाणी आणलं. माझ्या बायकोने कांदा फोडून तिच्या नाकाला लावला.

“काय व्हयनं तुमले?” फुईने कांदा बाजूला सारला. “बठनू फक्त. राजू, आठे ये. खाले बठ.”

माझ्या देहयष्टीच्या माणसाला खाली बसणं म्हणजे आधी निर्णय घ्यावा लागतो, मग आधार शोधावा लागतो. बसलो.

“काय दिसस?”

“पंखा.”

“खिडकीमाईन काय दिसस?”

खिडकीतून आभाळाचा एक पांढरा तुकडा दिसत होता. ना अंगण, ना बाहेरचा कडुलिंब, ना ज्या रस्त्यासाठी मी एवढं भांडून घर पूर्वाभिमुख केलं तो रस्ता.

“मंग तुन्हा नातू उद्या आठे बठीसन काय देखी? पंखा?”

तेव्हा माझ्या मुलाचं लग्नही ठरलेलं नव्हतं. पण फुई अशीच सगळ्या खोल्यांतून कोपऱ्या-कोपऱ्यात बसत गेली, आणि तिच्या मागे मी, आणि माझ्या मागे जेवण करून सुस्तावलेले पाहुणे. पुढच्या महिन्यात गवंडी बोलावून मी एक खिडकी फोडली आणि हातभर खाली आणली. गवंडी म्हणाला, “शेठ, घर बांधायच्या आधी विचारायचं ना कुणाला.” त्याला काय सांगणार, की विचारलं होतं, फक्त उभ्या माणसांना विचारलं होतं.

आमच्या खानदेशात आत्याला फुई म्हणतात. इंदूफुई माझ्या वडिलांची सर्वांत धाकटी बहीण. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती आणि तिची बहुतेक नोकरी सातपुड्यात, मोलगीच्या पलीकडे, एका पाड्यावर गेली. मी शहाद्यात झेरॉक्सचं दुकान चालवतो. शिक्षण क्षेत्राशी माझा संबंध एवढाच, की गुरुजी लोक प्रशिक्षणाचे अहवाल माझ्याकडून काढून नेतात. आमच्या घराण्यात गोष्टी सांगायचं खातंही माझ्याकडे आहे, कारण बाकीच्यांना कामं असतात. आता भाचेमंडळी जमली की म्हणतात, “राजूमामा, फुईचं सांग.” मग मी सांगतो, आणि दरवेळी थोडं वेगळं सांगतो, म्हणून एकदा लिहून ठेवलेलं बरं.

खरं तर फुईचा पहिला विद्यार्थी मी. ती डी.एड. करत होती आणि मी तिसरीत. तिला वर्गावर पाठ घ्यावे लागत आणि त्यांचा सराव सुट्टीत ओट्यावर माझ्यावर होई. कॉलेजात शिकवल्याप्रमाणे आधी प्रस्तावना, मग प्रश्न, मग विद्यार्थ्याचं अपेक्षित उत्तर. अपेक्षित उत्तरं ती मला आदल्या दिवशी सांगून ठेवायची. मी गुणी मुलगा. ती ओट्यावर आली, खडू हातात घेतला, घसा साफ केला, की तिने तोंड उघडायच्या आत मी पहिलं उत्तर देऊन मोकळा.

“अरे, मी आजून इचारं नही!”

“मग विचार ना. मला येतं.”

असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी तिने खडू खाली ठेवला, माझ्यासमोर मांडी घातली आणि विचारलं, “राजू, तुले खरंच काय वाटस? पाऊस कोठून येस?” हे उत्तर तिने मला दिलेलं नव्हतं. मी गप्प. तीही गप्प. घरातून आजीने दोन हाका मारल्या. शेवटी मी म्हणालो, पाऊस गुजरातेतून येतो, कारण ढग तिकडूनच येताना दिसतात. यावर फुई इतकी खूश झाली, की तिने मला घट्ट धरलं. मला वाटलं, उत्तर बरोबर आलं. पुढे बरीच वर्षं मी ते उत्तर देत होतो आणि मार खात होतो. फुई म्हणायची, “तुन्हावर जे शिकाडं, ते मी परत कोनलेच शिकाडं नही.” हा माझा शिक्षणातला वाटा.

तिचं ते गप्प राहणं मात्र आयुष्यभर टिकलं. प्रश्न विचारायचा, “आते तू सांग” म्हणायचं आणि थांबायचं. आपण दोघं-तिघं जमलो की शांतता म्हणजे काहीतरी सांडल्यासारखं वाटतं, लगेच कुणीतरी फडकं घेऊन धावतं. फुई धावत नसे. एकदा माझ्या दुकानात येऊन बसली आणि म्हणाली, “राजू, दिवसभर इतला कागद काढस, त्यामाईन एखादा वाचस का?” आणि थांबली. मी आधी ‘छे छे’ म्हणालो. मग लाइटबद्दल बोललो. मग टोनर किती महागला ते. ती आपली बघते आहे शांतपणे. शेवटी एका वकिलाने आणलेल्या घटस्फोटाच्या कागदांतलं अख्खं प्रकरण, साक्षीदारांसकट, मी तिला सांगून टाकलं. गिऱ्हाईकंही ऐकत उभी राहिली. फुई उठताना म्हणाली, “देख, किती ध्यानमा राहिलं तुन्हा. शायामा हाई पोऱ्या कोठे गयथा?”

शाळेत असताना हा पोरगा कुठे गेला होता, हे मी अजून शोधतो आहे.

पाड्यावरच्या शाळेत ती रुजू झाली तेव्हा तिथे दोन खोल्या, वर पत्रा, एक टेबल, एक खुर्ची आणि भिंतीवर उंच बसवलेला फळा. पहिल्याच दिवशी ती पोरांत शेवटी जाऊन बसली. तिथून फळा दिसायचा, पण त्यावर लिहायचं तर दुसरीतल्या पोराला खुर्चीवर चढावं लागणार, आणि खुर्ची बाईंची. म्हणजे फळाही बाईंचाच. फुईने खुर्ची ओट्यावर नेऊन ठेवली, आल्या-गेल्याला बसायला. मग रविवारी फुवांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, वर नेलं आणि फळ्याला देतात तो काळा रंग जमिनीपासून पोरांच्या डोक्याइतका, दोन्ही खोल्यांना चारी बाजूंनी मारून घेतला.

फुवा उसाचे शेतकरी, पुरुषोत्तमनगरच्या बाजूला त्यांची शेती. बोलायला रोखठोक. काम झाल्यावर दारात उभे राहून त्यांनी बघितलं आणि म्हणाले, “इंदू, हाई शाया शे का तवा?”

त्या तव्यावर मग प्रत्येक पोराचा एकेक चौकोन आखला गेला. ज्याचा त्याने लिहायचा, ज्याचा त्याने पुसायचा. दुसऱ्याच्या चौकोनाला हात लावायचा नाही. बघायला मात्र मोकळीक. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला हे चुकीचं वाटलं. मी म्हणालो, “फुई, ही पोरं तर एकमेकांचं बघून लिहितात.”

“मंग? त्यासाठीच तर भिंत शे. पाटीवर लिखं का पोऱ्या ती पोटले धरीसन बठस. भिंत पोटले कशी धरी?”

पोरं घरी पावरी बोली बोलणारी. मराठी त्यांना पुस्तकात भेटायची, एखाद्या कडक पाहुण्यासारखी. फुईने ठरवून टाकलं होतं, की चौकोनात जी बोली येईल ती येऊ द्यायची, अक्षरं आपली वापरायची. स्वतः ती पावरी शिकली ती पोरांकडूनच, आणि इतकी वाईट बोलायची म्हणे, की पोरं पोट धरून हसायची आणि दुरुस्त करायची. “एकदा मास्तर चुकना ना,” ती म्हणायची, “का पोरास्नी जीभ सुटस.”

आता या सगळ्याला एक मोठी अडचण होती. दिवाळी झाली की डोंगरातली कितीतरी माणसं सपाटीवर उतरतात, ऊसतोडीला. बिऱ्हाडासकट, पोरांसकट. होळीला परत येतात, कारण सातपुड्यात होळी हाच सण. होळी झाली की काहीजण राहतात, काहीजण उरलेला ऊस संपवायला पुन्हा खाली जातात. फुईची गंमत अशी, की ती सपाटीची, शिकवायला वर गेलेली, आणि तिचे विद्यार्थी वरचे, ऊस तोडायला खाली आलेले. शनिवारी ती जीपने घरी उतरायची, तर तिची निम्मी चौथी तिच्या आधीच खाली येऊन बसलेली.

म्हणून तिने एक रीत पाडली. खाली जाणाऱ्या पोराने आपल्या चौकोनात काहीतरी अर्धवट सोडून जायचं. अर्धं गणित, अर्धं चित्र, अर्धी गोष्ट. तो चौकोन होळीपर्यंत कुणी पुसायचा नाही. मी विचारलं, अर्धवट कशाला? पूर्ण करून जाऊ दे की.

“पुरं करीसन गयं तर वापस कसाले येतीन?”

आणि यायची. सगळी नाही, पण यायची. होळीसाठी पाड्यावर पोचली की घरी जायच्या आधी शाळेत डोकावून आपला चौकोन जागेवर आहे ना बघून जायची.

रमिलाचं सांगायचं ते इथून. रमिला चौथीत होती. फुईच्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष, मे महिन्यात निवृत्ती. रमिलाने चौकोनात एक गोष्ट सुरू केली होती. एक अस्वल मोलगीच्या बाजाराला निघतं. जीप थांबवतं. जीपवाला म्हणतो, जागा नाही. मग अस्वल... इथे गोष्ट थांबलेली. सायसिंग, तिचा बाप, बिऱ्हाड घेऊन खाली निघाला आणि रमिला अस्वलाला रस्त्यावर उभं करून निघून गेली.

हिवाळ्यात एका रविवारी मी फुईच्या सासरी गेलो होतो. तिने मला शेतात नेलं. फुवांच्या उसाला तोड लागली होती आणि त्या टोळीत सायसिंगचं बिऱ्हाड होतं. बांधावर रमिला दिसली. कडेवर लहाना भाऊ, एका हाताने उसाचे शेंडे गोळा करत होती. फुई पाचटात बसली. ठेवणीतलं लुगडं असो की रोजचं, तिला बसायला जागा लागत नसे.

“अस्वलाचं काय झालं गं?” फुईने तिच्या त्या मोडक्या पावरीत विचारलं.

रमिला हसली. भावाला दुसऱ्या कडेवर घेतलं. “उभं आहे,” म्हणाली.

“इतके दिवस? पाय दुखले असतील.”

“मोहाखाली बसलं असेल.”

एवढ्यात फुवा आले. बैलगाडी भरायची खोळंबली होती. “शाया आठे बी लई उनी का?” शाळा इथेही घेऊन आलीस का, असं त्यांनी विचारलं.

“शाया मन्ही नही, त्यास्नी शे. त्या जठे, शाया तठे.”

जाताना फुवा रमिलाच्या हातातला शेंड्यांचा भारा स्वतः उचलून गाडीकडे घेऊन गेले.

फुईने सायसिंगला गाठलं. तो कोयता टेकून उभा राहिला. फुईने त्याला सरळ सांगितलं, की रमिला होळीनंतर शाळेत राहिली तर चौथी पुरी करेल आणि पुढे आश्रमशाळेत पाचवीला जाईल. त्या शाळेतल्या बाईंशी फुईचं बोलणं झालेलं होतं. नाही राहिली तर पुढच्या वर्षी तिला हाक मारायला फुई तिथे नसणार. सायसिंग वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, “बाई, आम्ही दोघं तोडणीला. लहान्याला कोण धरेल?” मग म्हणाला, “होळीला येतो. मग बघू.”

परत येताना फुई माझ्यापुढे भराभर चालत होती. त्या ‘बघू’त किती पोरं बुडालेली तिने पाहिली होती, हे मला तेव्हा नीट कळलं नाही. मी आपला उसाचं कांडं सोलत चाललो होतो.

त्या वर्षी होळीला मी तिच्याबरोबर वर गेलो. बरीच वर्षं ती होळीला बोलवत होती आणि मी दुकानाचं कारण सांगत होतो. शहाद्याहून एसटी, मोलगीहून जीप. त्या जीपमध्ये माझा निम्मा देह आत होता आणि निम्मा सातपुड्याला अर्पण. उतरल्यावर पाऊलवाट. फुई शेळीसारखी पुढे, मी दर मोहाखाली ‘काय सुंदर देखावा’ म्हणत थांबत होतो.

पाड्याजवळ गेलो तर समोरून माणसं आली. सगळ्यांत पुढे दामजादादा, शाळेच्या समितीचा अध्यक्ष. पांढरं मुंडासं, चेहऱ्यावर न मावणारं हसू. बायका होत्या, म्हातारे होते. कुणी काही सांगेना, नुसतं फुईला पुढे घालून शाळेकडे नेलं.

शाळा पांढरी शुभ्र झाली होती. बाहेरून, आतून, पत्र्याच्या कडेपासून जमिनीपर्यंत.

होळीआधी डोंगरात घरं सारवतात, भिंती पांढऱ्या करतात. जुन्या भिंतीने सणाला सामोरं जात नाहीत. बाईंचं हे शेवटचं वर्ष. तर पाड्याने ठरवलं, या वेळी शाळाही आपल्या घरासारखी करायची. बायकांनी नाल्यावरून पाणी वाहिलं. म्हाताऱ्यांनी पांढरी माती आणली. दामजादादाने उभं राहून तीन हात मारून घेतले, कारण खालचं काळं पहिल्या हाताला झाकलं जाईना.

“बाई, काळी दिसत होती आपली शाळा,” तो म्हणाला. “सणाला बरं नव्हतं वाटत.”

मी फुईकडे बघितलं. ती हसली. खरंच हसली. प्रत्येकीचा हात हातात घेतला, दामजादादाला म्हणाली, “घरापेक्षा चांगली केली.” ओट्यावरच्या खुर्चीवर तिला बसवलं गेलं. या खुर्चीवर बसलेली मी तिला त्या एकाच दिवशी पाहिली. चहा झाला. माणसं पांगली.

मग ती आत गेली आणि भिंतीसमोर उभी राहिली. मी काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं आणि देवाने मला अक्कल दिली.

“राजू,” ती म्हणाली, “परवा त्या पोऱ्या येतीन. माले अर्धं बी ध्यानमा नही, कोनं काय लिखेल व्हतं.”

थोड्या वेळाने दाराशी पोरं जमली. खाली न गेलेली, आजी-आजोबांपाशी राहिलेली. तीही भिंतीकडे बघत होती, बाईंकडे बघत होती. मोठ्या माणसांनी केलंय म्हटल्यावर कुणी काही बोलेना. फुईने त्यांना आत बोलावलं.

“इथे कुणाचा चौकोन होता?” तिने खिडकीखाली हात ठेवला.

“दिलीपचा,” तिघं म्हणाली.

“काय होतं त्यात?”

आणि मग जो गलका झाला! दिलीपचं वजाबाकीचं गणित होतं आणि तो हातचा विसरला होता. नाही, विसरला नव्हता, त्याने वरती बारीक लिहिला होता. सुनीताने कोंबडी काढली होती, पण पाय काढायचे राहिले होते. एकच पाय काढला होता. दोन्ही काढले नव्हते! पहिलीतल्या पोराला चौथीतल्या पोराचं गणित तोंडपाठ होतं. वर्षभर एकमेकांच्या भिंती बघून बघून त्या पोरांनी सगळी शाळा डोक्यात भरून ठेवली होती. फुई खाली बसली आणि ऐकत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पदराने पुसतही नव्हती.

प्रश्न राहिला लिहायचं कसं. मी म्हणालो, मोलगीहून काळा रंग आणतो, रातोरात फासून टाकू. फुई माझ्यावर चिडली. “त्या बायास्नी डोकावर पानी वाहेल शे. त्यावर काया फासू?” मग तिने पोरांना आपापल्या चुलीतून कोळसे आणायला पाठवलं.

दामजादादा संध्याकाळी बघायला आला तेव्हा त्याच्या तीन हात मारलेल्या भिंतीवर पंधरा-वीस पोरं कोळशाने तुटून पडलेली होती. त्याने डोक्याला हात लावला.

“बाई! सणाला?”

“दादा, तुम्ही घराच्या भिंतीवर सणाला काही काढत नाही का?”

“काढतो. पण ते हातानं, नीट, देवाचं...”

“हे पोरांचं आहे.”

तो बराच वेळ धुसफुसत उभा राहिला. इथे रेष वाकडी, तिथे बोटं लागली. मग हळूच आत आला, वाकला आणि विचारलं, “आमच्या नातवाचं कोणतं?” नातू खाली गेला होता. पोरांनी दाखवलं. अर्धा बैल होता. दामजादादाने तो बघितला आणि म्हणाला, शिंगं चुकली आहेत. फुई म्हणाली, चुकू दे, तो येऊन नीट करेल.

होळीबद्दल मी काय सांगू? ढोल, बासरी, मोरपिसांचे टोप घालून नाचणारी माणसं. मलाही कुणीतरी ओढलं. मी नाचलो. दुसऱ्या दिवशी पाड्यावरची लहान मुलं माझ्या नाचाची नक्कल करताना मी स्वतः बघितली, आणि ती फार चांगली होती.

रमिला होळीच्या दिवशी आली, पण शाळेत आली नाही. फुई दोनदा दारात येऊन वाट बघून गेली. ती आली दुसऱ्या दिवशी, जीप खाली रस्त्यावर लागली तेव्हा. कडेवर भाऊ. बाहेर सायसिंग आणि तिची आई, डोक्यावर बोचकी. परत उसावर निघालेली.

ती दारातून आत बघून थबकली. पांढरी भिंत! मग नजर तिच्या जागेवर गेली. तिथे पोरांनी तिची गोष्ट लिहून ठेवली होती, पण पोरांना कुठे थांबवत होतं? त्यांनी ती पुढे नेली होती. अस्वलाला जीपच्या टपावर चढवून मोलगीला नेलं होतं आणि भजी खायला घातली होती.

रमिला सरळ आत गेली. मोठ्याने वाचलं. मग वळून सगळ्या वर्गावर ओरडली. पावरीत ओरडली, मला शब्द कळले नाहीत, पण अर्थ सगळ्या डोंगराला कळला असेल. हे तुम्हाला कुणी सांगितलं? अस्वल टपावर बसत नाही! पोरंही ओरडली, बसतं! तिने कोपराने टप पुसला, भजी पुसली, कोळसा उचलला आणि कडेवर भाऊ तसाच ठेवून लिहायला लागली.

खालून जीपचा हॉर्न वाजला.

सायसिंग तिला न्यायला आत आला. तिच्या मागे उभा राहिला. त्याला वाचता येत नव्हतं. त्याने विचारलं, काय आहे? रमिलाने न वळता वाचून दाखवलं आणि पोरांनी अस्वलाला टपावर बसवलं होतं तेही सांगितलं. तो ऐकत राहिला. “टपावर?” तो म्हणाला. “घाटात पडेल ते.” बापमाणूस रमिलाच्या बाजूने बोलला होता.

फुई म्हणाली, “सायसिंगभाऊ, हिला नेतो का ठेवतो?”

आणि पुढे काही म्हणाली नाही. तिची आजी पाड्यावरच आहे, आश्रमशाळेत बोलणं झालंय, परीक्षा तोंडावर आहे, हे सगळं म्हणता आलं असतं. मी असतो तर सगळं म्हणालो असतो, दोनदा. हॉर्न पुन्हा वाजला. सायसिंग जमिनीकडे बघत होता. रमिलाचा कोळसा थांबला होता.

तेव्हा तिची आई, जी आतापर्यंत उंबऱ्याबाहेरच होती, तिने डोक्यावरचं बोचकं खाली ठेवलं. आत आली. रमिलाच्या कडेवरून लहान्याला काढलं आणि आपल्या कडेवर घेतलं. बस्स. परत जाऊन बोचकं उचललं. सायसिंगने एकदा बायकोकडे बघितलं आणि रमिलाच्या डोक्यावर हात ठेवून तिच्या मागे निघाला.

मलाही त्याच जीपने जायचं होतं. फुई मे महिन्यात निवृत्त झाली. फुवा गेल्यावर मुलाकडे सुरतेला राहायला गेली आणि तिथेच वारली. दुकान, मुलाचं लग्न, हे-ते, माझं सुरतेला जाणं झालं नाही. फोनवर बोलायचो. मध्ये फुवांच्या दिवसांना भेटलो, पण माझ्या डोळ्यांत राहिलेली फुई आहे ती या जीपमधून पाहिलेली.

जीप तुडुंब भरली होती. मी मागच्या पायरीवर, गजाला धरून लटकलेला, तोंड शाळेकडे. रमिलाची आई माझ्यालगत आत, मागे पाठ करून, पोराला छातीशी धरून बसलेली. रमिला रस्त्यापर्यंत धावत आली होती. शेजारी फुई येऊन उभी राहिली. मला वाटलं, ती पोरीच्या खांद्यावर हात ठेवेल, काहीतरी समजूत घालेल. तिने तसं केलं नाही. ती हसतही नव्हती. पोरीसारखीच हात सोडून, जीपकडे बघत, नुसती तिच्या बाजूला उभी होती. दोघींचेही हात कोपरापर्यंत काळे.

“दिसते का?” रमिलाच्या आईने मला विचारलं. मान वळवली नाही.

“दिसते,” मी म्हणालो.

जीप उताराला लागली. दोघी लहान होत गेल्या. कोण रमिला आणि कोण फुई एवढंच कळत होतं.

“आता?”

“दिसते.”

मग वळण आलं आणि मध्ये टेकडी आली. धुळीशिवाय मागे काही नव्हतं. लहाना आईच्या पदराशी खेळत होता.

“अजून आहे?” तिने विचारलं.

“आहे,” मी म्हणालो. “उभी आहे.”